चालता येणारं गाव आणि खिशातला फोन

फोनमधल्या नकाशाला विचारलं की इथून तिथं चालत किती वेळ लागेल, तर तो लगेच सांगतो अकरा मिनिटं, आणि निळे ठिपके काढून रस्ता पण दाखवतो. पुण्याच्या पश्चिमेला, म्हणजे बाणेर, वाकड, हिंजवडी या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही अकरा मिनिटं चांगलीच माहीत आहेत, कारण त्या ठिपक्यांवरून खरंच चालायला लागलं की कळतं की फुटपाथ मध्येच संपलाय, पुढं विजेचा डीपी आडवा आलाय, त्याला वळसा घालायचा तर गाड्यांच्या रांगेत उतरावं लागतंय, आणि शेवटी सर्व्हिस रोड ओलांडायला ना सिग्नल ना झेब्रा. नकाशाच्या हिशेबात यातलं काहीच नसतं. गूगलनं २०२० मध्ये लंडन, न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन शहरांच्या नकाशात फुटपाथ आणि क्रॉसिंग बारकाईनं दाखवायचं जाहीर केलं होतं. आपल्याकडे मात्र चालणाऱ्याला दाखवलेला रस्ता म्हणजे बहुतेक वेळा गाडीचाच रस्ता, फक्त वन-वेचा नियम काढून टाकलेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही ॲप चांगली आहेत, मी रोज वापरते, ओळखीच्यांना आग्रहानं डाऊनलोड करायला लावते, पण पायाखालच्या रस्त्याची भरपाई ती करू शकत नाहीत. जिथं पायी जाण्याजोगा रस्ता आहे तिथं हीच ॲप माणसाचा पल्ला वाढवतात, चालणं अधिक बस अधिक लोकल असं करत अख्खं शहर गाडीशिवाय आवाक्यात येतं. जिथं तसा रस्ताच नाही तिथं ॲपनं कितीही अचूक मिनिटं सांगितली तरी माणूस गाडीचीच किल्ली उचलतो. त्यामुळं महापालिकांनी आणि नगरपरिषदांनी पैसा आणि डोकं कुठं आधी लावायचं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

चालता येणारं गाव म्हणजे काय हे बघायला पुण्यातल्या माणसाला लांब जायची गरज नाही, जुन्या पेठा आहेतच. घरांचे छोटे छोटे ठोकळे, दर थोड्या अंतरावर बोळ, एका बोळातून शिरलं की दुसऱ्या रस्त्याला निघता येतं, खाली दुकान वर घर, शाळा, तालीम, देऊळ, दवाखाना सगळं हाकेच्या अंतरावर. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी नळानं गावात आणलं आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडलं, आता पाणी कडेवर, डोक्यावर वाहून न्यायचं म्हटल्यावर हौद चालत जाण्याच्या अंतरावर असणं भागच होतं. म्हणजे गावाचं माप माणसाच्या पायानं ठरलेलं होतं. आज त्याच पेठांत दुचाक्यांनी श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही हे खरं आहे, पण अंतरं अजून तीच आहेत, आणि म्हणूनच तिथली सत्तरीतली आजी पिशवी घेऊन एकटी मंडईत जाऊन येते आणि तिच्याच वयाची बाणेरच्या चौदाव्या मजल्यावरची आजी मुलगा ऑफिसातून यायची वाट बघते.

ती वाट का बघते हे नीट समजून घेतलं पाहिजे. नव्या भागातली मोठी सोसायटी म्हणजे चहूबाजूंनी कंपाउंडची भिंत आणि एक मेन गेट. मागच्या बाजूला छोटं गेट असलं तरी ते सिक्युरिटीच्या नावाखाली कुलपात. भिंतीपलीकडचं मेडिकल खिडकीतून दिसतं, पण तिथं पोचायला आधी मेन गेटपर्यंत जा, मग भिंतीच्या कडेकडेनं अख्खा वळसा घाला, आणि शेजारची सोसायटी पण तशीच, तिच्या शेजारची पण तशीच, त्यामुळं पेठेत जिथं पाच बोळ लागले असते तिथं इथं एक सलग भिंत लागते. त्यात खालचे दोन-तीन मजले पार्किंगचे, म्हणजे रस्त्याकडे बघणारी खिडकी नाही, दुकान नाही, ओटा नाही, कुणी बसलेलं नाही. अशा रस्त्यावरून रात्री साडेआठला एकटं चालायला मला स्वतःला नको वाटतं आणि माझ्या मुलीला तर मी जाऊच देत नाही.

हे आपोआप झालेलं नाही, असं बांधायचं म्हणून बांधलंय. राज्यात मुंबई आणि काही भाग सोडून जवळपास सगळीकडे २०२० पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यात किती मोठ्या फ्लॅटमागं किती गाड्यांची जागा ठेवायची याचा तक्ताच दिलेला आहे, आणि बिल्डर तो पाळतात कारण त्याशिवाय नकाशा पास होत नाही. मला वाटतं तितकाच ठसठशीत तक्ता पायी जाणाऱ्यांसाठी हवा, की भिंत इतक्या मीटरपेक्षा लांब असेल तर मधून पायवाट सोडायची, रस्त्याकडच्या बाजूला तळमजल्यावर निदान निम्म्या लांबीत दुकानं नाहीतर राहती घरं हवीत, मागच्या रस्त्याला उघडणारं गेट दाखवल्याशिवाय परवानगी नाही. यात बिल्डरचं फार काही जात नाही, उलट दुकानं विकली जातात.

आणि हे फक्त पुण्याचं दुखणं आहे असंही नाही, उलट मला तालुक्याच्या गावांची जास्त काळजी वाटते कारण तिथं अजून वेळ आहे. वाई घ्या. गणपती आळी, मधली आळी, रामडोह आळी, ब्राह्मणशाही असं ते सगळं गाव कृष्णेच्या घाटांना धरून वसलेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणूस सहज चालत जातो. पण आपल्याकडं अशा गावांची नवी वाढ होते ती एनए, म्हणजे बिनशेती, प्लॉट पाडून, मोठ्या रस्त्याच्या कडेला एकेक शेत एनए होतं, त्यात एक आतला रस्ता, तो थेट हमरस्त्याला उघडतो आणि मागं कुंपणाला जाऊन संपतो. शेजारच्या शेतात पण दुसऱ्या कुणी तसंच केलेलं असतं. दोन ले-आऊट एकमेकांना जोडलेलेच नसतात, म्हणून शेजारच्या कॉलनीतल्या मित्राकडे जायचं तरी पोराला सायकल घेऊन एसटी आणि उसाच्या ट्रॅक्टरच्या रस्त्यावर यावं लागतं. ले-आऊट मंजूर करताना पुढच्या प्लॉटला जोडणारी एक गल्ली दाखवा एवढं टाऊन प्लॅनिंगनं धरून ठेवलं, तर पुढची पन्नास वर्षं त्या गावाला फायदा होईल, कारण घरं पाडून पुन्हा बांधता येतात पण एकदा प्लॉट विकले गेले की गल्ली परत काढता येत नाही.

फुटपाथचं तर सगळं लिहून ठेवलेलं आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जाऊ शकतील एवढी, आणि उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण केलं. १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठापुढच्या प्रकरणात सांगितलं की चांगल्या फुटपाथचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो. आणि २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत जे १ लाख ६८ हजार ४९१ लोक गेले त्यातले ३२ हजार ८२५ पायी चालणारे होते, हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. एवढी माणसं चालताना जातात आणि तरी शहराच्या वाहतुकीचा विषय निघाला की चर्चा उड्डाणपुलाची होते, याचा मला खरंच संताप येतो.

करायचं ठरवलं तर होतं, याचा पुरावा पण पुण्यातच आहे. जंगली महाराज रोड, जो वर्षानुवर्षं खड्डे न पडलेला रस्ता म्हणून आधीच प्रसिद्ध होता, त्याचे फुटपाथ महापालिकेनं रुंद केले, बसायला जागा केल्या, झाडं तशीच ठेवली, आणि आज संध्याकाळी तिथं जाऊन बघा, म्हातारी माणसं बाकांवर बसलेली असतात, पोरं रेंगाळत असतात, स्ट्रोलर घेऊन आया फिरत असतात. औंधमध्ये स्मार्ट सिटीतून पण असं काम झालं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा तुकडा गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात, तो दिवस मला आवडतो, पण वर्षातून एकदा करण्याइतका तो रस्ता लहान नाही, दर शनिवार-रविवारी करायला हवा. दुकानदार म्हणतात गिऱ्हाईक येणार नाही. पण साडी आणि सोनं घ्यायला लक्ष्मी रोडला येणारं गिऱ्हाईक तसंही गाडी लांब कुठंतरी लावून चालतच येतं, दुकानाच्या दारात गाडी लावायला जागा मिळालीय असं मी तरी कधी बघितलं नाही.

दुसरा आक्षेप येतो फेरीवाल्यांचा, की फुटपाथ केला की ते बसतात. मला हा आक्षेप मान्य नाही. भाजीवाल्या मावशी, चहाची टपरी, फुलवाला यांच्यामुळं रस्त्यावर माणूस असतो, आणि चालत जायला कारण पण असतं. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यांना ठरवून जागा द्या असंच सांगतो, तर रुंद फुटपाथवर चालायची पट्टी वेगळी आणि त्यांची पट्टी वेगळी आखून द्यावी. फुटपाथ खऱ्या अर्थानं अडवतात त्या वर चढवलेल्या दुचाक्या, आणि त्या चढू नयेत म्हणून इतके जवळ जवळ खांब रोवतात की व्हीलचेअरचा माणूस पण बाहेरच राहतो.

इथं मला स्पेनमधल्या पोन्तेवेद्रा गावाबद्दल सांगायचंय कारण माझ्या दोन्ही विषयांचा धागा तिथं जुळतो. ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी नगरपरिषदेएवढं गाव. १९९९ मध्ये मिगेल आंशो फर्नांदेझ लोरेस हे डॉक्टर तिथं महापौर झाले आणि त्यांनी गावाच्या मध्यातून गाड्यांची ये-जा जवळपास बंद केली, फुटपाथ आणि रस्ता एका पातळीत आणले, गाड्या गावाच्या कडेला थांबवल्या. पुढं २०११ मध्ये त्यांनी मेट्रोमिनुतो नावाचा नकाशा काढला, दिसायला मेट्रोच्या नकाशासारखा, रंगीत रेघा आणि स्टेशनं, पण त्यात मेट्रो नाहीच, एका चौकातून दुसऱ्या चौकात चालत किती मिनिटं लागतात एवढंच लिहिलेलं. नंतर युरोपातल्या इतर शहरांनी पण तसे नकाशे काढले. मला यातला क्रम बघण्यासारखा वाटतो. आधी बारा वर्षं रस्ते नीट केले आणि मग मिनिटं छापली, म्हणून त्या मिनिटांवर लोकांचा विश्वास बसला. तोच नकाशा उद्या वाकड चौकात लावला तर कुणी ढुंकून पण बघणार नाही.

यावर लोक म्हणतात स्पेनचं सोडा, आपल्याकडं ऊन असतं, पाऊस असतो, आपल्या माणसाला चालायची सवय नाही. ज्या महाराष्ट्रात लाखो माणसं ऐन पावसाळ्यात आळंदी-देहूहून पंढरपूरला चालत जातात तिथं हे म्हणणं मला तरी पटत नाही. आणि त्या वारकऱ्यांसाठी सरकारनं काय केलंय ते पण बघा, संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, ज्यांचं भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं, त्या दोन्ही राष्ट्रीय महामार्गांच्या आराखड्यात दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरलेली आहे. म्हणजे चालणारा माणूस समोर ठेवला की हायवेच्या इंजिनियरला पण ती वाट काढता येते. तोच माणूस वारीहून परत आला, सकाळी सात वाजता शेडवर कामाला निघाला, की मात्र कुणाच्याच आराखड्यात नसतो.

आता ॲपबद्दल, कारण मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. चालणाऱ्या माणसाला सगळ्यात उपयोगी ॲप मला विचाराल तर बसचं लाइव्ह लोकेशन दाखवणारं. स्टॉपवर उभं राहून बस येणार का नाही हेच कळत नसेल तर माणूस दुचाकी घेतोच, आणि बस वीस मिनिटं लांब आहे असं कळलं तर तो मधल्या वेळात भाजी घेतो, नाहीतर पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जातो. पुण्यात २०२४ मध्ये पीएमपीच्या बससाठी ‘आपली पीएमपीएमएल’ हे ॲप आलं, मुंबईत बेस्टच्या बससाठी ‘चलो’ नावाचं ॲप आलं, लोकलसाठी एम-इंडिकेटर तर कित्येक वर्षं लोकांच्या बोटाखाली आहे. व्हेअर इज माय ट्रेन पण तसंच, ते इंटरनेट नसताना मोबाइल टॉवरवरून गाडी कुठं आली ते सांगतं, त्यामुळं सांगली, मिरज, कोपरगावच्या माणसाला स्टेशनवर तासभर आधी जाऊन बसावं लागत नाही. ही सगळी ॲप चांगली आहेत कारण ती माणसाला घराबाहेर काढतात.

गूगलचं स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये भारतात दहा शहरांत पुन्हा सुरू झालं, त्यात पुणे, नाशिक आणि अहमदनगर पण होतं. आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं असलं की मी आधी तो रस्ता फोटोत बघते, पायऱ्या किती, रिक्षा कुठं थांबेल, कठडा केवढा, आणि कुठल्याही म्हाताऱ्या माणसाबरोबर जाताना हे करून बघावं असं मी सांगेन.

पण मला खरा जीव लागलाय तो स्ट्रीटकम्प्लीट नावाच्या ॲपवर. फुकट आहे, जाहिराती नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून जो लोकांनीच बनवलेला मोकळा नकाशा आहे त्यात भर घालायला ते मदत करतं. तुम्ही रस्त्यात उभे असता तिथल्या तिथं ते साधे प्रश्न विचारतं, या स्टॉपला शेड आहे का, बाक आहे का, रस्त्यावर दिवे आहेत का, क्रॉसिंग कसलं आहे, डांबर का फरशी, आणि फुटपाथ कुठल्या बाजूला आहे ते पण नोंदवता येतं. दोन बोटं दाबली की झालं, नकाशाचं काहीही शिकावं लागत नाही, आठवीतला मुलगा पण करू शकतो. आणि ती नोंद सगळ्यांसाठी खुली राहते. हा फरक मोठा आहे कारण तक्रारींच्या ॲपवर तुम्ही तुटलेल्या चेंबरचा फोटो टाकता, काही दिवसांनी तक्रार निकाली म्हणून मेसेज येतो, काम झालेलं असो नसो, आणि तक्रार बंद झाली की ती माहिती पण ऑफिसातच बंद होते. मोकळ्या नकाशावर मात्र अख्ख्या वॉर्डात फुटपाथ कुठं आहे आणि कुठं नाही याचं चित्र तयार होतं, आणि ते घेऊन नगरसेवकासमोर बसलं की बोलणं एका चेंबरपुरतं राहत नाही. एखाद्या कॉलेजच्या एनएसएसच्या पोरांनी आठवडाभर मनावर घेतलं तर तालुक्याचं गाव पूर्ण होईल.

काही ॲप मात्र उलट्या दिशेनं नेतात असं मला वाटतं. दहा मिनिटांत किराणा दारात आणणारी ॲप आज नव्या सोसायट्यांमध्ये सगळ्यात जास्त चालतात, आणि ती तिथंच का चालतात तर कोपऱ्यावर वाणी नाही म्हणून. पेठेतल्या माणसाला जे चार पावलांवर मिळत होतं तेच आता डिलिव्हरी फी भरून घ्यायचं, आणि ते आणणारा पोरगा वेळ गाठायला त्याच अर्धवट फुटपाथवरून गाडी घालतो. पावलं मोजणाऱ्या ॲपचं पण तेच. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला, आज तो पुरा करायला लोक कारनं तळजाईला नाहीतर बाणेर टेकडीला जातात, तिथं चालतात आणि कारनं परत येतात. टेकडीवर जावंच, पण दूध आणायला, पोराला शाळेत सोडायला, बँकेत जायला रस्ता असता तर निम्मी पावलं तशीच झाली असती.

अजून एक गोष्ट राहते, आणि माझ्यासाठी ती सगळ्यात वजनदार आहे. आपल्या शहरांत सगळ्यात जास्त चालतं कोण, तर घरकामाला जाणाऱ्या बायका, वॉचमन, बांधकामावरचे मजूर, शाळेची मुलं, म्हातारी माणसं. यातल्या कित्येकांकडे फोन असला तरी डेटा संपलेला असतो, मुलांकडे फोन नसतोच, आणि नसावाही. म्हणून मला हवं असलेलं गाव असं आहे की तिथं फोन बंद पडला तरी अडत नाही, स्टॉपवर बसचं छापील वेळापत्रक आणि नंबर असतात, चौकात चालायच्या मिनिटांची पाटी असते, रात्री दिवे लागलेले असतात.

पुणे महापालिका २००६ पासून बजेटसाठी नागरिकांकडून छोटी कामं मागवते, अर्ज भरायला पाच मिनिटं लागतात आणि बहुतेकांना ते माहीत पण नसतं. यंदा मी आमच्या भागासाठी तीन कामं देणार आहे. स्टॉपपासून दवाखान्यापर्यंतच्या फुटपाथला दर गेटपाशी उतार न देता तो सलग एका पातळीत ठेवणं, सर्व्हिस रोडला सिग्नलचं क्रॉसिंग, आणि चौकात मिनिटांची पाटी, याच क्रमानं. सोसायटीचं मागचं गेट उघडायला तर महापालिकेची पण गरज नाही, सकाळी सहा ते रात्री दहा एक वॉचमन तिथं बसवायचा खर्च दर फ्लॅटमागं किती येतो ते मी काढून ठेवलंय, आणि पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर तो विषय घ्यावा म्हणून सेक्रेटरींना पत्र दिलंय.